प्रस्तावना : दिसणारे अक्षर आणि साठवलेले अक्षर

वर्ड प्रोसेसरमध्ये, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या, दुरुस्त करण्याच्या आणि छपाईसाठी मांडण्याच्या संगणकीय प्रणालीमध्ये, ज्या अक्षरांना व चिन्हांना कळफलकावर सहज सापडणारी कळ नाही ती कशी उमटवायची, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हस्तकौशल्याचा वाटतो. ‘दऱ्या’मधला अर्धा र, ‘ॲप’मधला चंद्र घेतलेला अ, ‘दुःख’मधला विसर्ग, वेदपाठातील उदात्त-अनुदात्ताच्या खुणा, संस्कृत शब्दांच्या रोमन लिप्यंतरात अक्षराखाली येणारे टिंब किंवा डोक्यावर येणारी आडवी रेघ, या सगळ्यांसाठी कोणती कळ दाबायची हे एकदा समजले की विषय संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि टंकलेखनाच्या बहुतेक मार्गदर्शिका तिला धरूनच लिहिलेल्या असतात. प्रस्तुत ग्रंथ या समजुतीच्या विरुद्ध बाजूने सुरू होतो. पडद्यावर दिसणारे अक्षर आणि संगणकाने साठवलेले अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी असून पहिली निर्दोष असतानाही दुसरी चुकलेली असू शकते, आणि ही चूक छापील पानावर कधीच दिसत नसल्यामुळे ती मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटून वर्षानुवर्षे टिकते, हे ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या विषयाचा उगम देवनागरीत नाही. तो युरोपीय भाषांच्या टंकलेखन यंत्रात आहे. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, जर्मन अशा भाषा रोमन लिपीच वापरत असल्या तरी स्वरांवर तिरक्या रेघा, टोप्या, जोडटिंबे आणि नागमोडी खुणा घेतात, आणि अशा प्रत्येक संयोगाला स्वतंत्र कळ देणे यंत्राला परवडत नसे. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे ‘मृत कळ’ : ही कळ दाबली असता खूण कागदावर उमटते पण कागद पुढे सरकत नाही, त्यामुळे लगेच दाबलेले अक्षर त्याच जागी, खुणेच्या खाली बसते. खूण आधी आणि अक्षर नंतर हा क्रम यंत्राच्या रचनेतून आला होता, भाषेच्या गरजेतून नव्हे. तरीही तो आजतागायत टिकून आहे. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये कंट्रोलसह अवतरणचिन्हाची कळ दाबून मग ‘ई’ हे रोमन अक्षर दाबले की त्यावर तिरकी रेघ येते, कंट्रोलसह स्वल्पविराम आणि मग ‘सी’ दाबले की त्याला खाली शेपटी फुटते. मॅक संगणकावर हेच काम ऑप्शन कळीने होते. टंकलेखन यंत्र अडगळीत गेले, पण त्याची बोटांना लागलेली सवय गेली नाही.

संगणकाने मात्र एक नवी अडचण आणली. १९६३ साली अमेरिकेत ठरवलेल्या ‘आस्की’ या संकेतप्रणालीत केवळ १२८ स्थाने होती, आणि इंग्रजीची अक्षरे, अंक, विरामचिन्हे व यंत्राला द्यायच्या काही आज्ञा एवढ्यांनीच ती भरून गेली. पुढे स्थानांची संख्या २५६ झाली तेव्हा वरच्या अर्ध्या भागात काय ठेवायचे यावर एकमत झाले नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीने तेथे स्वतःचा संच ठेवला, आल्ट कळ धरून उजवीकडच्या अंकपट्टीवर १३० टाइप केले की तिरक्या रेघेचे ‘ई’ मिळण्याची युक्ती तिथूनच आली. १९८७ मध्ये पश्चिम युरोपीय भाषांसाठी आलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने दुसरा संच ठरवला, आणि त्यात त्याच अक्षराचा क्रमांक २३३ झाला. एका यंत्रावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडताच त्यातील विशेष अक्षरे बदलून जाण्याचा अनुभव युरोपने त्या काळात भरपूर घेतला. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल, कारण मराठीत हाच अनुभव अधिक तीव्रतेने आणि अधिक काळ घेतला गेला.

देवनागरीच्या बाबतीत प्रश्न मुळातच निराळा आहे. रोमन लिपीत विशेष अक्षरे हा अपवाद असतो. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरे हाच नित्यक्रम असतो. त्यामुळे १८०५ साली श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले त्या काळापासून ते मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी अक्षराला देखणे व प्रमाणबद्ध रूप दिले तोपर्यंत, आणि त्यानंतरही, मराठी जुळाऱ्यापुढच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, इंग्रजी जुळाऱ्यापेक्षा कित्येक पट खिळे असत. खिळ्यांची ही संख्या कमी करावी म्हणून लिपीच बदलण्याचे प्रस्ताव आले. टिळकांनी टाइपांची संख्या घटवण्यासाठी खटपट केली, सावरकरांनी सर्व स्वरांसाठी अ-लाच स्वरचिन्हे जोडणारी अ-ची बाराखडी पुरस्कारली, १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटीची जागाच बदलून पाहिली. यंत्रासाठी लिपी वाकवायची की लिपीसाठी यंत्र, हा तो वाद होता. संगणकाने तो दुसऱ्या पक्षाच्या बाजूने सोडवला असे मानले जाते. पण पुढील विवेचनावरून दिसेल की तो निकाल वाटतो तितका स्वच्छ नाही.

रेमिंग्टन आणि गोदरेज यांच्या मराठी टंकलेखन यंत्रांनी नव्वदच्या आसपास चिन्हांत देवनागरी बसवली ती अक्षरांचे आकार तोडून. बहुतेक व्यंजनांच्या शेवटी उभा दंड असतो हे हेरून दंडाविना अर्धे अक्षर एका कळीवर आणि दंड म्हणून काना दुसऱ्या कळीवर ठेवण्यात आला, म्हणजे अर्धा भ आणि काना मिळून भ, आणि त्यापुढे आणखी एक काना दिला की भा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून ती आधी टाइप करायची, आणि रफार अक्षराच्या डोक्यावर शेवटी चढतो म्हणून तो नंतर. हा डोळ्याचा क्रम आहे : जे डावीकडे दिसते ते आधी. उच्चाराचा क्रम याच्या उलट आहे. ‘कि’ म्हणताना क आधी येतो आणि इकार नंतर; ‘सूर्य’ म्हणताना र हा य-च्या आधी येतो, कागदावर तो य-च्या डोक्यावर बसत असला तरी. देवनागरी टंकलेखनाच्या पुढच्या सगळ्या इतिहासाचे, त्यातील पंथांचे आणि त्यांच्या भांडणांचे मूळ या एका निवडीत सापडते.

डोळ्याचा क्रम मानणारा पहिला पंथ संगणकावर आला तो फॉन्टांच्या वाटेने. १९९० च्या दशकात डीटीपी, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याचा, व्यवसाय फोफावला तेव्हा श्री-लिपी, आकृती, कृतिदेव आणि सी-डॅक या शासकीय संगणन संस्थेची आयएसएम प्रणाली यांसारख्या साधनांनी वर्तमानपत्रे, पुस्तके, लग्नपत्रिका आणि सरकारी परिपत्रके यांचे मराठीकरण घडवले, आणि या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु यांतील पुष्कळ फॉन्टांत देवनागरी अक्षर साठवलेलेच नसते. रोमन अक्षरांच्या स्थानांवर देवनागरी आकार काढून ठेवलेले असतात. कृतिदेवमध्ये ‘भारत’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरे असतो, त्यातला पहिला के भ-चा दंड आणि दुसरा के काना. फॉन्ट काढून घेतला की भारत नाहीसा होतो. प्रत्येक कंपनीची आकारांची मांडणी वेगळी, त्यामुळे एका छापखान्याची फाइल दुसऱ्याकडे उघडेना, आणि अर्ध्या र-सारख्या क्वचित लागणाऱ्या आकारासाठी अंकपट्टीवरचे चार आकडी संकेत पाठ करणारे कारागीर प्रत्येक कार्यालयात निर्माण झाले. अशा संकेतांचे हस्तलिखित कागद टेबलाच्या काचेखाली ठेवलेले असत. मराठी विशेष अक्षरांचे ते पहिले संदर्भग्रंथ होत असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा पंथ उच्चाराच्या क्रमाचा. भारतीय लिपींचे बाह्यरूप भिन्न असले तरी त्यांची वर्णमाला जवळजवळ एकच आहे, हे सूत्र धरून कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ हे तंत्रज्ञान उभे राहिले, आणि केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८० च्या दशकात इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरवला. त्यात स्वर व त्यांची चिन्हे डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात, अल्पप्राण साध्या कळीवर तर त्याचा महाप्राण शिफ्टसह त्याच कळीवर मिळतो, आणि व्यंजनाचा पाय मोडण्यासाठी, म्हणजे त्यातील अ काढून टाकण्यासाठी, एक स्वतंत्र कळ असते. जोडाक्षराचा आकार शोधायचा नसतो. उच्चारातील व्यंजने क्रमाने द्यायची आणि आकार घडवणे संगणकावर सोपवायचे. १९९१ च्या भारतीय मानकात, म्हणजे ‘इस्की’त, हेच तत्त्व संकेतांना लागू झाले. शास्त्र म्हणून ही रचना अन्य पर्यायांहून सरस आहे, असे प्रस्तुत ग्रंथाचे स्पष्ट मत आहे. पण लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मिनिटाला ३० मराठी शब्दांची अट असताना, रेमिंग्टनवर बसलेला हात मोडून नव्याने शिकायला सांगणे म्हणजे काय, याचा विचार या रचनेच्या पुरस्कर्त्यांनी फारसा केला नाही, हेही तितकेच खरे.

तिसरा पंथ रोमन कळफलकावरून उच्चारानुसार लिहिण्याचा. आयट्रान्स, बरहा, गमभन यांपासून ते आजच्या मोबाइलवरील साधनांपर्यंत त्याची वाटचाल झाली आणि लोकप्रियतेच्या बाबतीत तो इतरांना मागे टाकून गेला आहे. परदेशातील मराठी कुटुंबांना तर देवनागरीची वाट बहुधा त्यानेच दाखवली. त्याचे दोष त्याच्या सोयीतच दडलेले आहेत. ळ आणि ल, ण आणि न, ऱ्हस्व आणि दीर्घ यांचा भेद रोमन अक्षरांनी सहज दाखवता येत नाही, म्हणून साधन अंदाज बांधते आणि सुचवलेल्या शब्दांपैकी एक निवडायला सांगते. निवडलेल्या शब्दामागे कोणते संकेत साठले हे लिहिणाऱ्याला कळतही नाही. तक्त्यातून चिन्ह उचलणे आणि बोलून लिहिणे हे आणखी दोन मार्ग आहेत. ते पूरक आहेत एवढेच येथे पुरे.

१९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने जगातील लिपींना एकाच संकेतव्यवस्थेत आणले. देवनागरीला त्यात १२८ स्थाने मिळाली आणि त्यांची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवर बेतली गेली, म्हणून साठवणीत उच्चाराचा क्रम कायमचा ठरला. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा फॉन्ट आला आणि सामान्य संगणकावर युनिकोड मराठी दिसू लागली. तेव्हापासून साठवणे आणि दाखवणे ही दोन कामे वेगळी झाली : फाइलमध्ये वर्णांचा क्रम राहतो, आणि तो वाचून वेलांटी डावीकडे नेण्याचे, रफार वर चढवण्याचे, जोडाक्षर घडवण्याचे काम फॉन्ट व त्यामागची आकारयोजना करते. येथेच या ग्रंथाच्या गाभ्याचा प्रश्न उभा राहतो, कारण दाखवण्याचे काम करणारी यंत्रणा उदार असते आणि वेगवेगळ्या क्रमांतून तोच आकार काढून देते.

‘ॲ’ हे याचे बोलके उदाहरण आहे. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी मराठीने अ-वर चंद्र दिला, हिंदीने ए-वर. इस्कीत आणि सुरुवातीच्या युनिकोडमध्ये हिंदी पद्धतीचे अक्षर होते, मराठीचे नव्हते. ते युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली, ०९७२ या क्रमांकावर आले. तोपर्यंत, आणि सवयीने नंतरही, लोक अ लिहून त्यापुढे चंद्राचे चिन्ह देत राहिले. दोन्ही पडद्यावर पुष्कळदा सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे आहेत. रोमन अक्षरांबाबत युनिकोडने तिरक्या रेघेचे एकसंध ‘ई’ आणि साधे ‘ई’ अधिक रेघ यांना समान मानण्याचा नियम घालून दिला आहे. ॲ-ला तसे संरक्षण नाही. परिणामी एका रीतीने लिहिलेला ‘ॲड’ दुसऱ्या रीतीने शोधला असता सापडेलच असे नाही, आणि सूचीत तो दोन ठिकाणी विभागला जाऊ शकतो.

अर्ध्या र-ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक गुरुजी आणि स्वयंपाकी यांच्यातला फरक आहे, म्हणजे हा आकार अलंकार नसून अर्थभेदक आहे. तऱ्हा, कुऱ्हाड, गिऱ्हाईक, वाऱ्यावर असे रोजचे शब्द त्यावाचून लिहिता येत नाहीत. तो साठवण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एकीत दक्षिणी लिपींच्या लिप्यंतरासाठी ठेवलेला, खाली टिंब असलेला ऱ (क्रमांक ०९३१) घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत साधा र घेऊन पाय मोडतात आणि पुढे ‘शून्य रुंदीचा जोडक’ हे अदृश्य चिन्ह ठेवतात, जेणेकरून र चा रफार होऊ नये. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत. इनस्क्रिप्टवर पहिली रीत शिफ्टसह जे या कळीने सहज साधते. अदृश्य चिन्ह मात्र मजकूर एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेताना गळून पडू शकते, आणि ते गळले की आचारी क्षणात आचार्य होतात. म्हणून मराठी मजकुरासाठी पहिली रीत सर्वत्र स्वीकारावी अशी शिफारस या ग्रंथात केली आहे. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम, दंडाच्या जागी कळफलकावरची उभी रेघ, अवग्रहाच्या जागी रोमन एस अशा बदल्या याच वर्गात मोडतात. त्या दिसतात जवळपास योग्य, आणि शब्द मात्र मधोमध तोडतात.

दिसण्याचीही एक बाजू आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. मराठी वळणाचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हे हिंदी वळणाहून निराळे असून महाराष्ट्र शासनाने २००९ आणि २०२२ च्या निर्णयांनी मराठीची लिपी व वर्णमाला ठरवताना ॲ व ऑ यांना वर्णमालेत स्थान दिले आणि अक्षरांच्या वळणांचीही दखल घेतली. या वळणांसाठी वेगळे संकेत नाहीत, आणि नसावेत हेच योग्य, कारण वर्ण तोच आहे. मजकुराची भाषा मराठी आहे असे वर्ड प्रोसेसरला सांगितले असेल आणि फॉन्टात ती सोय असेल तर आकार आपोआप बदलतो. हिंदी अशी नोंद राहिली असेल तर बदलत नाही. भाषेची ही नोंद करण्याचा पर्याय बहुतेक वापरणाऱ्यांनी कधी उघडलेलाही नसतो.

संस्कृत व भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांची गरज आणखी पुढची आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली त्या काळात पाठभेदांसाठी लागणारी चिन्हे खिळ्यांनी जुळवावी लागत. आजचा संशोधक तीच कामे एकट्याने पडद्यावर करतो. रोमन लिप्यंतरातील टिंबांची व रेघांची अक्षरे, वेदपाठातील स्वरचिन्हे (०९५१ व ०९५२ ही त्यांची मूळ स्थाने, २००९ मध्ये त्यांत मोठी भर पडली), २०१४ च्या ७.० आवृत्तीत प्रवेश मिळालेली मोडी लिपी, आणि गोव्यातील पोर्तुगीज वळणाची नावे लिहिताना स्वरावर येणारी नागमोडी खूण, हे सर्व एकाच परिच्छेदात एकत्र येण्याचे प्रसंग महाराष्ट्र-गोव्याच्या इतिहासलेखनात नवीन नाहीत. येथे सर्वांत उपयोगी पडणारी युक्ती साधी आहे : वर्डमध्ये अक्षराचा युनिकोड क्रमांक टाइप करून लगेच आल्ट आणि एक्स दाबले की क्रमांकाच्या जागी अक्षर येते, आणि अक्षरानंतर हीच कृती केली की त्याचा क्रमांक कळतो. क्रमांक इंग्रजी आकड्यांतच द्यावा लागतो. संशयास्पद ॲ किंवा ऱ्य तपासण्यासाठी यासारखी दुसरी कसोटी नाही, आणि लिब्रेऑफिसमध्येही ती उपलब्ध आहे.

हा विषय आजच महत्त्वाचा का झाला, याचे उत्तर छपाईत सापडत नाही. छापील पानासाठी दिसणे पुरेसे होते. आता मजकूर शोधला जातो, यंत्राकडून वाचून घेतला जातो, दृष्टिहीन वाचकाला ऐकवला जातो, भाषांतरित होतो, भूमिअभिलेखातील नावांशी ताडून पाहिला जातो, आणि भाषेची संगणकीय प्रारूपे त्याच्यावर घडवली जातात. या प्रत्येक कामात यंत्र आकार पाहत नाही, साठवलेला क्रम पाहते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली, त्यानंतर जुन्या ग्रंथांच्या संगणकीकरणाची चर्चा वाढली आहे. अशा संग्रहात अर्धा र आणि ॲ प्रत्येकी दोन प्रकारांनी साठला, तर तो संग्रह वाचता येईल पण विचारता येणार नाही. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने ही अडचण पुष्कळदा वाढवतात, कारण ती मूळ चुका नव्या संकेतांत निमूटपणे उतरवतात.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत ग्रंथाने आपली मर्यादा जाणीवपूर्वक आखली आहे. कोणता कळफलक श्रेष्ठ हा वाद तो निकाली काढू पाहत नाही. इनस्क्रिप्टकडे त्याचा कल असला तरी रेमिंग्टनची सवय असलेल्या आणि उच्चारानुसार रोमनमधून लिहिणाऱ्या वाचकालाही योग्य संकेतापर्यंत पोहोचण्याची वाट दाखवणे हे त्याने आपले काम मानले आहे. कळसूचना देताना प्रत्येक ठिकाणी आधी साठवला जाणारा क्रम सांगितला आहे आणि मग तो साधण्याच्या रीती, कारण प्रणालींच्या आवृत्त्या बदलतात, कळांच्या जागा बदलतात, पण एकदा युनिकोडमध्ये दिलेला क्रमांक बदलला जात नाही, असे त्या मानकाचे धोरण आहे. फॉन्टरेखाटनाची कला, पान लावण्याची तंत्रे आणि शुद्धलेखनाचे वाद यांचा उल्लेख जेथे टाळता आला नाही तेथेच केला आहे. वाचकाकडून अपेक्षा एवढीच की त्याने हातातील एखादी जुनी फाइल उघडून ठेवावी, तिच्यात ऱ्य आणि ॲ असलेले शब्द शोधावेत, आल्ट-एक्सने ते तपासावेत, आणि त्यानंतर पहिल्या प्रकरणाकडे वळावे.